एकही एनबीए चॅम्पियनशिप न जिंकलेल्या खेळाडूला महान का म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एल्जिन बेलर, कार्ल मलोन, चार्ल्स बार्कली यांनी एकदाही एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, चॅम्पियनशिप जिंकली नाही आणि रॉबर्ट ऑरीने सात जिंकल्या. मग महान कोण?

माझ्या मते ते तिघेही महान आहेत, आणि बेलरबद्दल तर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. पण 'चॅम्पियनशिप संघाची असते, तिच्यावरून खेळाडूला जोखूच नये' असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मी शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळलो. एका वर्षी आमच्याकडे एक उंच, समंजस मुलगा सेंटर म्हणून, म्हणजे बास्केटजवळ खेळायला, आला आणि आदल्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी परतलेला आमचा संघ फायनलला पोचला. बाकीचे चौघे तेच होतो, आमचा खेळही फारसा सुधारला नव्हता. एका बाजूला पाचच खेळाडू असले की एका माणसाने इतका फरक पडतो. क्रिकेटमधला फलंदाज बाद झाला की पॅव्हेलियनमध्ये बसतो. इथे संघाचा मुख्य खेळाडू ४८ मिनिटांपैकी चाळीसेक मिनिटं कोर्टवर असतो, बास्केट टाकायलाही तोच आणि अडवायलाही तोच. त्यात एनबीएची फायनल सात सामन्यांची, चार जिंकावे लागतात. एका दिवसाच्या नशिबावर ती सहसा निघत नाही. म्हणून या खेळात 'किती जिंकलास?' हा प्रश्न मला रास्त वाटतो.

त्या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर म्हणजे बिल रसेल. बोस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगाम, त्यात ११ चॅम्पियनशिप, आणि शेवटच्या दोन तर खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी. त्याआधी कॉलेजच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण. जिथे गेला तिथे संघ जिंकला, याला योगायोग कसं म्हणणार? त्याची सरासरी सामन्यामागे फक्त १५ गुणांची होती. पण प्रतिस्पर्ध्याचा शॉट ब्लॉक करताना तो बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे. बॉल बाहेर गेला की तो पुन्हा समोरच्यांनाच मिळतो. रसेल तो हलक्या हाताने कोर्टातच ठेवायचा, सहकाऱ्याच्या दिशेने, आणि पुढच्या क्षणी बोस्टनचा हल्ला सुरू झालेला असायचा. ब्लॉक मोजायला एनबीएने सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून, रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. त्यामुळे त्याचं निम्मं काम आकड्यांत कुठे सापडतच नाही. त्याच्या ११ चॅम्पियनशिप हाच त्या कामाचा हिशोब.

मात्र रसेल बोस्टनला कसा आला तेही पाहायला हवं. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या क्रमांकावर असलेल्या रॉचेस्टरने त्याला घेतलंच नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या सेंट लुईसने घेतलं आणि एड मॅकॉली व क्लिफ हेगन यांच्या बदल्यात बोस्टनला देऊन टाकलं. तिथे बॉब कूझीसारखा नामांकित खेळाडू होता, रेड आउरबाखसारखा प्रशिक्षक होता. यात रसेलने स्वतः काहीच ठरवलं नव्हतं. त्याने कमावलेल्या ११ मधली एकही मी कमी करणार नाही, पण त्याच ११ वर्षांत दुसऱ्या बाजूला कोण उभं होतं हेही सांगितलं पाहिजे. बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला लेकर्स हा संघ होता. लेकर्स म्हणजे बेलर आणि जेरी वेस्ट.

बेलर १९५८ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. संघ तेव्हा मिनियापोलिसला होता, लॉस एंजेलिसला गेला १९६० मध्ये. उंची सहा फूट पाच इंच, म्हणजे पुढे बास्केटच्या आसपास खेळणाऱ्या फॉरवर्डसाठी काही फार नाही. पण उडी घेतल्यावर हवेतच अंग वळवून, बॉल या हातातून त्या हातात घेऊन शॉट मारण्याचा जो खेळ आपण पुढे ज्युलियस अर्व्हिंग आणि मायकेल जॉर्डनमध्ये पाहिला, तो आधी बेलर खेळत होता. १९६१-६२ च्या हंगामात त्याला लष्कराच्या राखीव दलात सेवेसाठी बोलावलं गेलं. सुट्टी मिळेल तेव्हा छावणीतून यायचं, सामना खेळायचा, परत जायचं. सरावाला सवड कुठली? त्या हंगामात तो खेळलेल्या ४८ सामन्यांत त्याची सरासरी ३८.३ गुणांची होती. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक झाली असं समजून दुसरीकडे तपासून पाहिला होता.

त्या वर्षीची फायनल बोस्टनशी. पाचवा सामना बोस्टनमध्ये, समोर रसेल, आणि बेलरचे ६१ गुण, २२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). लेकर्स मालिकेत ३-२ ने पुढे गेले. सहावा सामना बोस्टनने जिंकला. सातव्यात चौथा क्वार्टर संपत आला तेव्हा १००-१०० अशी बरोबरी होती. लेकर्सच्या फ्रँक सेल्वीला मोकळा शॉट मिळाला. तो गेला असता तर या सगळ्या चर्चेत बेलरचं नाव आलंच नसतं. तो रिंगवर लागून बाहेर आला. जादा वेळेत बोस्टन ११०-१०७ ने जिंकलं. त्या सामन्यात बेलरने ४१ गुण केले होते, वेस्टने ३५, आणि रसेलने ३० गुणांसोबत तब्बल ४० रिबाउंड घेतले होते. आता बेलरने यात काय करायचं राहिलं होतं ते मला कोणीतरी सांगावं. सेल्वीच्या हातून निसटलेला शॉट बेलरच्या खात्यावर कसा मांडायचा?

१९६५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, बेलरच्या गुडघ्याची वाटी फुटली. पुन्हा खेळला, चांगला खेळला, पण ती उडी परत आली नाही. त्याच्या काळात संघाच्या एकूण आठ फायनल, त्यातल्या सात बोस्टनविरुद्ध आणि एक न्यूयॉर्कविरुद्ध. आठही हरल्या.

वेस्टचं दुःख आणखी वेगळं. १९६९ च्या फायनलला लेकर्सकडे बेलर आणि वेस्टबरोबर विल्ट चेंबरलेनही होता, म्हणजे एका सामन्यात १०० गुण करणारा माणूस. बोस्टन म्हातारं झालं होतं, लीगच्या ईस्ट गटात चौथं आलं होतं, रसेल ३५ वर्षांचा. फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि तो सामना लॉस एंजेलिसला होता. मालकांनी विजयाच्या तयारीत छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. रसेलने ते पाहिले आणि आपल्या खेळाडूंना दाखवले. दुखावलेल्या पायावर वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) केले. शेवटी शेवटी डॉन नेल्सनचा एक शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटून सरळ वर उडाला आणि आत पडला. १०८-१०६, बोस्टन. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू निवडायची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली आणि तो मान वेस्टला मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो मिळाल्याचं हे आजवरचं एकमेव उदाहरण. मतदारांना जे त्या रात्री दिसलं, ते आपण चॅम्पियनशिपचा तक्ता पाहताना विसरतो.

मलोनचं मात्र मी इतक्या मायेने सांगणार नाही. ३६,९२८ गुण, जॉन स्टॉक्टनसारखा पास देणारा साथीदार अठरा वर्षं, आणि १९९७ व १९९८ अशा दोन्ही फायनल जॉर्डनच्या शिकागो बुल्सकडून हरल्या. जॉर्डनच्या काळात जन्माला आला, त्याला तो काय करणार, असं आपण म्हणतो. बार्कली १९९३ मध्ये त्याच जॉर्डनपुढे हरला, त्याच्या बाबतीत ते मला पटतंही. पण १९९७ च्या पहिल्या सामन्यात गुणसंख्या सारखी असताना, नऊ सेकंद उरलेले असताना मलोनला दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलचे बिनविरोध शॉट, मिळाले. दोन्ही चुकले. मग जॉर्डनने शेवटच्या क्षणी शॉट मारून सामना नेला. १९९८ च्या सहाव्या सामन्यात मलोनचा संघ युटा एका गुणाने पुढे होता, बॉल मलोनच्या हातात होता, आणि जॉर्डनने मागून येऊन तो काढून घेतला. जॉर्डनचा पुढचा विजयी शॉट सगळ्या जगाने पाहिला आहे. मलोन महान होताच, पण त्या दोन क्षणांची जबाबदारी त्याचीच. बेलर आणि मलोन दोघांच्या नावापुढे शून्य लिहिलेलं असतं. एका शून्यामागे ६१ आणि ४१ गुण आहेत, दुसऱ्यामागे हे दोन क्षण. नुसता तक्ता वाचणाऱ्याला तो फरक दिसणार नाही, म्हणून मी सामना पाहायला सांगतो.

आणखी एक गोष्ट. बेलरच्या काळात खेळाडूला आपल्या मनाने संघ बदलता येत नसे. ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने लीगविरुद्ध चाललेला खटला १९७६ मध्ये मिटला आणि तिथून ते दार उघडू लागलं. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला आणि दोन चॅम्पियनशिप जिंकला. त्याला मी नावं ठेवत नाही, पण बेलरला हा पर्यायच नव्हता. केव्हिन गार्नेटचं पाहा. मिनेसोटात १२ वर्षं रक्त आटवलं, फायनल एकदाही नाही. बोस्टनला गेला आणि पहिल्याच हंगामात, २००८ मध्ये, चॅम्पियन. त्या एका उन्हाळ्यात गार्नेट काही नव्याने बास्केटबॉल शिकला नव्हता.

डर्क नोविट्स्कीची २०११ ची फायनल मी पहाटे उठून पाहिली. २००६ मध्ये त्याचा डॅलस संघ मायामीविरुद्ध २-० पुढे असताना पुढचे चारही सामने हरला होता. २००७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी संघ पहिल्या फेरीत आठव्या क्रमांकाच्या संघाकडून हरला. चार वर्षं त्याला 'मऊ' म्हणून हिणवलं गेलं. २०११ मध्ये पुन्हा मायामी, आता लेब्रॉनसह, आणि डॅलसने ४-२ ने जिंकलं. सामना संपत होता आणि डर्क टेबलावरून उडी मारून आत ड्रेसिंग रूमकडे निघून गेला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं. तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चॅम्पियनशिपने काही फरक पडत नाही असं मला कोणी सांगितलं की मला तो पाठमोरा डर्क आठवतो. त्याला फरक पडत होता. पण ती जिंकण्याच्या आदल्या दिवशीही एका पायावर मागे झुकून मारलेला त्याचा शॉट तोच होता.

ऑरीबद्दल तुम्हाला प्रश्न पडला ते साहजिक आहे. त्याची कारकिर्दीची सरासरी ७ गुणांची. ह्यूस्टनला हकीम ओलाजुवान, लेकर्सकडे शॅकील ओनील आणि कोबी ब्रायंट, सॅन अँटोनियोला टिम डंकन, असे साथीदार त्याला लाभले. पण २००२ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध वेळ संपता संपता मारलेला त्याचा थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) नसता तर लेकर्स १-३ ने मागे पडले असते. त्याच्या सातही चॅम्पियनशिप खऱ्या आहेत. मला पहिल्या मिनिटापासून संघ उभा करायचा असेल तर मी बेलरला घेईन, आणि शेवटच्या पाच सेकंदांसाठी कोपऱ्यात ऑरीला उभा करीन.

बेलरचं शेवटचं सांगतो. १९७१-७२ च्या हंगामात नऊ सामने झाल्यावर त्याने गुडघ्यांपुढे हात टेकले आणि निवृत्ती जाहीर केली. त्याच्यानंतरचा पहिलाच सामना लेकर्सने जिंकला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, असे सलग ३३. हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. त्या वसंतात न्यूयॉर्कला ४-१ ने हरवून लेकर्स लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा चॅम्पियन झाले. वेस्टची ती नऊ फायनलमधली एकमेव जिंकलेली, आणि त्याच मालिकेत त्याचे शॉट नेहमीसारखे पडत नव्हते. इतकी वर्षं सर्वस्व ओतून हरलेला माणूस, स्वतः वाईट खेळला तेव्हा जिंकला. बेलर त्या संघात नव्हता, तरी संघाने चॅम्पियन खेळाडूंसाठी केलेल्या अंगठ्यांमधली एक त्याला दिली. फायनलमधल्या एका सामन्यातल्या त्याच्या ६१ गुणांच्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही. जॉर्डन ५५ पर्यंत पोचला होता.