बीपी वाढलेलं, आणि डॉक्टर म्हणतात मीठ खा!

प्रश्न : माझ्या पत्नीचं वय 43. वर्षभर तिला मधूनच छातीत धडधड, दरदरून घाम आणि प्रचंड डोकेदुखी असे झटके येत होते. सगळ्यांनी ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिलं. आता सीटी स्कॅनमध्ये उजव्या ॲड्रिनल ग्रंथीत 4 सेंटिमीटरची गाठ निघाली. लघवीच्या तपासणीवरून ती फिओक्रोमोसायटोमा असल्याचं कळलं. दुर्बिणीतून काढू, पण दोन आठवड्यांनी, असं सर्जन म्हणतात. तोवर गोळ्या, आणि वर ‘मीठ-पाणी भरपूर घ्या’! बीपी 200 पर्यंत जाणाऱ्या बाईला मीठ? डॉक्टर बदलावा का?

उत्तर : मला तरी बदलण्यासारखं काही दिसत नाही. हवं तर दुसरं मत घ्या, पण गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

ही गाठ ॲड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरकं रक्तात सोडते. त्यामुळे रक्तवाहिन्या सतत आवळलेल्या राहतात आणि शरीरातलं पाणी कमी होतं. म्हणजे बीपी जास्त, पण नळ्यांत रक्त कमी. आधी अल्फा ब्लॉकर गोळ्यांनी नळ्या सैल करायच्या आणि मग मीठ-पाण्याने त्या भरायच्या, याला दहा-चौदा दिवस लागतात. एरवी मीठ तोडा म्हणणारे आम्हीच इथे उलटं सांगतो, त्यामुळे घरचे गोंधळतात ते साहजिक आहे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. नाक चोंदलं, उठताना जरा गरगरलं तर औषध लागू पडतंय असं समजा. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसवा. धडधडीसाठी घरात कुणाची बीटा ब्लॉकरची गोळी असेल तर ती मात्र मनाने देऊ नका. अल्फाच्या आधी ती दिली तर बीपी भडकू शकतं.

आता ऑपरेशन. ग्रंथी असते जेमतेम चार-पाच ग्रॅमची, मूत्रपिंडाच्या डोक्यावर. भोवतीची चरबी फिकट पिवळी, ही गडद सोनेरी. पडद्यावर ती रंगावरूनच ओळखू येते. उजव्या बाजूला तिची नीला अगदी आखूड असते आणि थेट शरीराच्या सर्वांत मोठ्या नीलेत, व्हेना केव्हात, उघडते. सगळी कसोटी तिथे. मी ही ऑपरेशनं करताना माझे कान भूलतज्ज्ञाकडे असतात. गाठीला धक्का लागला की तिकडून ‘एकशे ऐंशी’ ऐकू येतं. मग हात थांबवायचा, त्यांना औषध द्यायला वेळ द्यायचा. नीलेवर क्लिप बसली की थोड्याच वेळात आकडा घसरू लागतो. तेव्हा आधी भरून ठेवलेलं पाणी कामी येतं.

1992 मध्ये मिशेल गानेर यांनी ही दुर्बिणीची पद्धत प्रथम मांडली. त्याआधी मोठा छेद घ्यावा लागे, कधी बरगडीही कापावी लागे. आता तीन-चार लहान छिद्रं पुरतात. गाठ पिशवीत घालून अखंड काढतात. पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखेल, त्याला हृदयाचं दुखणं समजू नका. पहिले 24 तास बीपी आणि साखर, दोन्ही खाली येऊ शकतात, म्हणून वारंवार तपासतील.

दुसरी ग्रंथी ठीक असेल तर ती एकटी काम निभावते. एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती सर्जनना विचारा : जनुकीय तपासणी. या गाठी बऱ्याचदा घराण्यात असतात. तुम्हाला मुलं असतील किंवा पत्नीला सख्खी भावंडं असतील, तर त्यांच्यासाठीही ती कामाची. आणि टाके सुकले म्हणून वर्षातून एकदा करायची तपासणी सोडू नका.