सप्टेंबर की जानेवारी? सप्टेंबरलाच निघा

तुम्ही विचारलंय की मुलगी ७ वर्षांची आहे, इकडे परदेशात राहायला येण्यासाठी सप्टेंबरच्या सुरुवातीला निघावं की सगळं नीट आवरून जानेवारीत. व्हिसा, इन्शुरन्स, बॅग किती किलोची हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत टाइप करत बसत नाही. सप्टेंबरलाच या, जमलं तर ऑगस्टच्या शेवटी. थंडीचं सोडा, तिला जॅकेट मिळतं. पण उन्हाळा सरताना जे दहा-पंधरा उबदार दिवस हाती लागतात ना, ते अंगावर न घेता पहिला हिवाळा काढणं फार जड जातं.

५० अक्षांशाच्या आसपास जूनमध्ये दिवस १६ तासांचा आणि डिसेंबरात जेमतेम ८, एवढं मी वाचून आले होते. पण दिवस सगळ्यात भराभर आखडतो तो २२-२३ सप्टेंबरच्या आसपास, हे डोक्यात आलंच नव्हतं. रोज साडेतीन मिनिटांच्या वर जातात, म्हणजे आठवड्याला २५ मिनिटं धरा. ज्या वेळेला आम्ही उजेडात फिरून घरी यायचो त्याच वेळेला तीन आठवड्यांनी खिडकीबाहेर मिट्ट काळोख. वर हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर मागे घेतात, मग संध्याकाळ संपलीच.

तर आमचा पहिला सप्टेंबर मी रांगेत घालवला. राहत्या पत्त्याच्या नोंदणीला भाडेकरार लागतो, भाडेकराराला बँकेचं खातं, आणि खात्याला नोंदणीचा कागद, आता फिरा गोल गोल. टोकन घेऊन ट्यूबलाइटखाली बसायचं, मुलगी मांडीवर, आणि काचेपलीकडे इतकं सुरेख ऊन की बघवत नव्हतं.

शाळेचं तर बोलूच नका. भाषा येत नाही म्हणून तिला एक वर्ष खाली बसवलं. पाढे पाठ असलेली मुलगी दहापर्यंत मणी मोजत होती. आणि मी सही केली, कारण भांडायला मलाही शब्द नव्हते. आता सगळे म्हणतात काय फरक पडला, छान चाललंय की तिचं. चाललंय. मला ती सही आठवते.

त्याच वर्गात पानांचं प्रोजेक्ट होतं. तिने घरी येऊन मला सांगितलं की आई, पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा उतरला की दिसतो, लाल मात्र नवीन तयार होतो. ऊन लख्ख आणि रात्री गार, पण गोठवणाऱ्या नाहीत, असं असलं की लाल जास्त चढतो. मी हं हं म्हणत फॉर्म भरत होते.

घराजवळ तळं होतं. पाणी हळू तापतं आणि हळूच निवतं, त्यामुळे हवा गार झाली तरी सप्टेंबरात पाय सोडून बसता येतं. ती रोज म्हणायची तळ्यावर जाऊया, मी म्हणायचे रविवारी. त्या रविवारी कागद स्कॅन केले. पुढच्या रविवारी पाऊस आणि ९ डिग्री, आणि मग पाण्यात पाय घातले ते थेट पुढच्या जूनमध्ये, तेव्हा तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, माझ्याबरोबर यायची गरज नव्हती.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. नोव्हेंबरात जरा जास्त, आणि ते उजेड कमी पडल्यामुळेही होतं, त्यासाठी १०,००० लक्सचे, म्हणजे खूप प्रखर उजेडाचे दिवे मिळतात, मीही घेतलाय. असो.

तारीख ठरली की कळवा. आणि ऑफिसात टोकन मिळालं की आत बसू नका, मुलीला घेऊन बाहेर उन्हात उभ्या राहा. नंबर हुकला तर दुसरं टोकन काढता येतं, मी नंतर विचारलं होतं.