कॉलेजच्या समान संधी कक्षात नव्याने येणाऱ्या मैत्रिणीला

कक्षात नाव नोंदवलंस, फार बरं वाटलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, ११ एप्रिलला जोतीरावांची, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. हे कार्यक्रम मनापासून कर. पण खरं काम ऑगस्टपासून सुरू होतं, महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना.

माझ्या दुसऱ्या वर्षी एक मुलगी दुपारी मेसला यायची बंद झाली. विचारलं तर म्हणायची, भूक नाही. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण तिचं बँक खातं आधारशी जोडलेलंच नव्हतं, म्हणून पैसे जमा होत नव्हते. बँकेत तिच्यासोबत गेले, अर्ज दिला, तेवढंच. म्हणून सांगते, ‘अर्ज भरलास का’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘पैसे आले का’ हेही विचार. आणि चारचौघांत नको, बाजूला घेऊन विचार.

अंध मित्रमैत्रिणींसाठी लेखनिक, म्हणजे त्यांनी सांगितलेली उत्तरं लिहून देणारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधायचा नसतो. त्यांना दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. ते पर्यवेक्षकांना आधीच लेखी कळव.

जातीवरून कुणी टोमणा मारला, असं कुणी सांगायला आलं तर आधी पूर्ण ऐकून घे. ‘त्याचा तसा हेतू नसेल’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. तक्रार करायची की नाही हे त्या व्यक्तीला ठरवू दे. करायचीच ठरली तर लेखी, तारखेसकट, आणि पोचप्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.