जीडब्ल्यूटीची आवृत्ती वाढवल्यावर बाहेरच्या टॉमकॅटवरचं ॲप डीबग का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जीडब्ल्यूटी (जावात लिहिलेलं ॲप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये बदलणारं साधन) २.५ वरून २.८ वर गेलात. टॉमकॅट (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) दुसऱ्या मशीनवर आहे. पूर्वी 'नोसर्व्हर' पर्याय देऊन डेव्ह मोड (जीडब्ल्यूटीची डीबगिंगची पद्धत) चालवायचात, पत्त्याला कोडएसव्हीआरचं शेपूट आणि ९९९७ पोर्ट जोडायचात आणि एक्लिप्स या एडिटरमध्ये ब्रेकपॉइंटवर (कोड थांबवायच्या खुणेवर) गाडी थांबायची. आता पान कोरं राहतं, 'सुपर डेव्ह मोडच्या सर्व्हरवरून मॉड्यूल लोड झालं नाही, पुन्हा प्रयत्न करायचा का' अशी खिडकी येते, आणि कधी चुकून पान उघडलंच तर काही आरपीसी (ब्राउझरकडून सर्व्हरला जाणारे कॉल) चालतात, काही आपटतात.

हे सगळं मी भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी म्हापशात घरून काम करतो. माझं ॲप बार्जींच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारं: कुठल्या जेटीवरून किती टन भरले, मुरगाव बंदरात कधी पोचले. खाणी जोरात होत्या तेव्हा, २०१० च्या सुमारास, कुणीतरी जीडब्ल्यूटीत लिहिलेलं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, बार्जी दुसऱ्या मालाला लागल्या, ॲप मात्र राहिलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. त्याचा चाचणीचा सर्व्हर वास्कोत, गिऱ्हाइकाच्या कार्यालयात. म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती, फक्त मध्ये अख्खी झुआरी नदी.

पहिली गोष्ट, जुनी पद्धत परत आणण्यात वेळ घालवू नका. जीडब्ल्यूटी २.० (डिसेंबर २००९) पासूनच्या त्या डेव्ह मोडमध्ये तुमचा जावा कोड जावा म्हणूनच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या यंत्रणेत) चालायचा आणि ब्राउझरमधलं प्लगइन त्याच्याशी ९९९७ वर बोलायचं. ब्राउझरांनी असल्या प्लगइनांना घराबाहेर काढलं. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये, ४५ व्या आवृत्तीत, एनपीएपीआय (असली प्लगइनं जोडायची जुनी सोय) पूर्ण काढून टाकलं आणि फायरफॉक्समध्येही ते प्लगइन चालेनासं झालं. २.७ पासून (नोव्हेंबर २०१४) सुपर डेव्ह मोड हाच आपोआप निवडला जाणारा पर्याय झाला. मी जुना फायरफॉक्स शोधून दोन दिवस घालवले, तुम्ही घालवू नका. कोडएसव्हीआरचं शेपूटही बुकमार्कांतून काढून टाका.

सुपर डेव्ह मोडमध्ये कोड सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्राम तुमच्या मशीनवर ९८७६ वर बसतो, जावाचं जावास्क्रिप्ट करतो आणि सोबत सोर्स मॅप (जावास्क्रिप्टची कुठली ओळ जावाच्या कुठल्या ओळीची ते सांगणारी फाइल) देतो. ब्रेकपॉइंट आता क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या 'सोर्सेस'मध्ये लावायचे, तिथं जावाच्या फायली दिसतात. चलांच्या नावांना शेपटं लागलेली असतात, आठवड्याभरात डोळ्याला सवय होते. सर्व्हरकडचा जावा कोड मात्र पूर्वीसारखाच रिमोट डीबगनं, टॉमकॅट जेपीडीएसह (जावाच्या रिमोट डीबगच्या सोयीसह) सुरू करून ८००० पोर्टवर.

आता खरी गोची. या सगळ्या व्यवस्थेत 'लोकलहोस्ट' किंवा 'ज्या मशीनवरून पान आलं ते मशीन' असं तीन ठिकाणी गृहीत धरलेलं आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होतो. सगळं एकाच मशीनवर असलं तर तिन्ही अर्थ जुळतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हर बाहेर गेला की घोळ सुरू.

पहिलं ठिकाण म्हणजे नोकॅश.जेएस. कोड सर्व्हर सुरू करताना 'लाँचरडिर' हा पर्याय दिलात तर त्या फोल्डरमध्ये तो मॉड्यूलच्या नावाची एक छोटी नोकॅश फाइल ठेवतो. खरा कोड तिच्यात नसतो. ती फक्त कोड सर्व्हरला जाऊन सांगते की बाबा, मला ताजं कंपाइल करून दे. ही फाइल टॉमकॅटवरच्या ॲपमध्ये त्याच जागी जायला हवी. टॉमकॅट तुमच्याच मशीनवर असता तर लाँचरडिर थेट वेबॲप्समधल्या फोल्डरवर रोखून मोकळे झाला असता. दुसऱ्या मशीनवर ती एकदा कॉपी करावी लागते, आणि मॉड्यूलचं नाव किंवा पोर्ट बदललं तर पुन्हा. ब्राउझरचा कॅशही एकदा साफ करा, नाहीतर जुनीच नोकॅश फाइल भुतासारखी येत राहते.

ही फाइल उघडून वाचा, फार मोठी नाही. ती कोड सर्व्हरचा पत्ता कसा बनवते ते तिथं दिसेल: चालू पानाचं होस्टनाव घ्यायचं, पुढे ९८७६ जोडायचं, आणि सुरुवातीला साधं एचटीटीपी. म्हणजे तुम्ही पान सर्व्हरच्या नावानं उघडलंत तर ती कोड सर्व्हर त्या सर्व्हरवर शोधते! तो तर तुमच्या लॅपटॉपवर बसलाय. तुमची ती 'लोड झालं नाही' खिडकी इथून येते. शिवाय पान एचटीटीपीएसवर असेल तर ब्राउझर असली साधी एचटीटीपी स्क्रिप्ट आतच घेत नाही, तो ताप निराळा.

दुसरं ठिकाण आरपीसी, आणि इथं माझे खरे केस पांढरे झाले. प्रत्येक कंपाइलमधून जीडब्ल्यूटी सीरियलायझेशन पॉलिसीची (आरपीसीतून कुठले वर्ग पाठवायला चालतील त्या यादीची) एक फाइल काढतं, तिच्या नावात मजकुराचा हॅश असतो. सर्व्हर ती फाइल आपल्या वॉरमध्ये (ॲपच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) शोधतो. तुम्ही लॅपटॉपवर आत्ता केलेल्या कंपाइलची पॉलिसी तिथं असणार कशी? मग सर्व्हरच्या लॉगमध्ये इशारा येतो की १.३.३ शी सुसंगत अशी जुनाट पॉलिसी वापरतोय, सीरियलायझेशनचे अपवाद येऊ शकतात. ही ओळ वाचून मी किती वेळा पुढे गेलो असेन! त्या जुनाट पॉलिसीत स्वतःचे वर्ग 'इझसीरियलायझेबल' असतील तरच चालतात, जावाचं साधं 'सीरियलायझेबल' तिला पुरत नाही. म्हणून काही कॉल चालतात आणि काही आपटतात. माझ्याकडे २०१० मधले जुने वर्ग व्यवस्थित जात होते आणि मी स्वतः लिहिलेले नवे पडत होते. त्यामुळे माझ्याच कोडात चूक आहे असं धरून मी तीन दिवस नको तिथं खोदत बसलो.

यावर उपाय आहे. टॉमकॅटच्या जेव्हीएमला 'जीडब्ल्यूटी.कोडसर्व्हर.पोर्ट' ही सिस्टिम प्रॉपर्टी ९८७६ अशी द्यायची, सेटएनव्हीमधल्या कॅटालिना-ऑप्ट्समध्ये. टॉमकॅट पूर्ण बंद करून सुरू करायचा, नुसतं ॲप रीलोड करून भागत नाही. मग सर्व्हर पॉलिसी कोड सर्व्हरकडून मागून घेतो. पण कुठून? हे तिसरं ठिकाण: लोकलहोस्टवरून, आणि हा लोकलहोस्ट आता सर्व्हरचा.

म्हणजे ब्राउझरला वाटतं कोड सर्व्हर वास्कोत आहे, वास्कोच्या टॉमकॅटलाही वाटतं तो आपल्याच पोटात आहे, आणि तो बिचारा म्हापशात.

फाइली हातानं बदलून यातून बाहेर पडायचा प्रयत्न मी केला, दर कंपाइलला काहीतरी निसटतं. शेवटी एसएसएचचे बोगदे (एका मशीनचा पोर्ट दुसऱ्या मशीनच्या पोर्टला जोडणारे) काढले आणि दहा मिनिटांत सुटलो. एकाच एसएसएच आज्ञेत दोन जोडायचे. मोठ्या एलनं स्वतःच्या ८०८० ला सर्व्हरचा ८०८० जोडायचा आणि मोठ्या आरनं उलट दिशेनं सर्व्हरच्या ९८७६ ला स्वतःचा ९८७६. मग पान सर्व्हरच्या नावानं न उघडता लोकलहोस्ट:८०८० असं उघडायचं. होस्टनाव लोकलहोस्ट झालं, म्हणून नोकॅश फाइल कोड सर्व्हर तुमच्याच मशीनवर शोधते. टॉमकॅटनं आपल्या लोकलहोस्टचं ९८७६ ठोठावलं की उलट्या बोगद्यातून तो तुमच्याकडे पोचतो. एचटीटीपीएसचा तापही जातो, कारण तुमच्या बाजूला सगळं साधं एचटीटीपी. जेपीडीएचा ८००० हवा असेल तर आणखी एक एल जोडा. सर्व्हरवरच्या एसएसएचमध्ये असे बोगदे काढायला परवानगी हवी, ती सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडून आधी विचारून घ्या. आमच्याकडच्या माणसानं 'बघूया' म्हटलं आणि ते बघणं सोमवारपर्यंत चाललं.

सर्व्हरवरच्या नोकॅश फाइलला हात लावायची मुभाच नसेल तर कोड सर्व्हरच्या मुख्य पानावर, म्हणजे लोकलहोस्ट:९८७६ वर, 'डेव्ह मोड ऑन' आणि 'ऑफ' अशी दोन बुकमार्कलेट (दाबली की पानावर काम करणारे बुकमार्क) मिळतात, ती बुकमार्कांच्या पट्टीवर ओढून ठेवा. ॲपचं नेहमीचं पान उघडून 'ऑन' दाबलं की ब्राउझर कोड तुमच्या कोड सर्व्हरकडून घेतो. आरपीसीचं दुखणं मात्र तसंच राहतं, त्याला उलटा बोगदा आणि ती प्रॉपर्टी लागतेच.

एवढं करूनही आरपीसी 'ॲप्लिकेशन जुनं झालंय, रिफ्रेश करा' असं म्हणत असेल तर वेब-इन्फमधलं लिब फोल्डर उघडा. जीडब्ल्यूटी-सर्व्हलेटची जुनी जार (जावाच्या लायब्ररीची फाइल) नवीच्या शेजारी पडून आहे का? माझ्याकडे होती. आवृत्ती वाढवताना ब्राउझरकडची बाजू नवी झाली, पण नव्या वॉरनं जुन्या फोल्डरमधलं काही पुसलं नव्हतं. आणि लॉगमध्ये 'मॉड्यूलचा मार्ग या वेबॲपमधला नाही' अशी तक्रार दिसली तर पुढच्या प्रॉक्सीनं (टॉमकॅटच्या पुढे बसलेल्या सर्व्हरनं) पत्त्यातला काँटेक्स्टचा, म्हणजे ॲपच्या नावाचा, भाग खाल्लाय, बोगदा प्रॉक्सीला वळसा घालून थेट टॉमकॅटवर न्या.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. त्या वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या संध्याकाळी मी घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधत होतो, एक हात सुपारीच्या घोसावर. फोन आला. जेटीवरचा क्लार्क: "बाब, पान उगडना. कितें तरी इंग्लीश विचारता, ओके मारूं?" डीबगिंगची नोकॅश फाइल तशीच वॉरमध्ये बांधली जाऊन खऱ्या सर्व्हरवर गेली होती, आणि जेटीवरचा संगणक तिथं ९८७६ शोधत बसला होता. सणाच्या आदल्या दिवशी. शिडीवरूनच बायकोला लॅपटॉप आणायला सांगितला, जुनं वॉर परत चढवलं आणि मग उरलेली माटोळी बांधली.

तेव्हापासून वॉर बांधणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ आहे: नोकॅश फाइलमध्ये 'रिकंपाइल-रिक्वेस्टर' हा शब्द सापडला तर तिथंच थांब. तो शब्द फक्त डीबगिंगच्या फाइलमध्ये असतो. तुमच्याकडे ती ओळ आजच घाला, आणि कोडसर्व्हर-पोर्टची प्रॉपर्टी चाचणीच्या टॉमकॅटबाहेर कुठंही जाणार नाही एवढं बघा.