मार्सियानो ४९-०, मेवेदर ५०-०, मग पाच वेळा हरलेला अली मोठा कसा?

बॉक्सिंगमध्ये ४९-० म्हणजे ४९ विजय आणि शून्य पराभव. या शून्याला मान द्यावा, पण त्यावर श्रेष्ठत्व ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसता अपराजित आकडा बघायचा तर थायलंडच्या वानहेंग मेनायोथिनला मेवेदरच्या वर बसवावं लागेल. मिनिममवेट या सगळ्यात हलक्या वजनगटात तो ५४-० पर्यंत पोहोचला होता आणि २०२० मध्ये पहिल्यांदा हरला. तो चांगला विजेता होता, पण त्याला मेवेदरहून थोर म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही.

म्हणून मी आधी पाहतो ते हे की समोर कोण होता, आणि त्या रात्री तो कोणत्या अवस्थेत होता. दुसरा भाग लोक हमखास विसरतात. मार्सियानोच्या यादीत जो लुईस, वॉलकॉट, एझर्ड चार्ल्स, आर्ची मूर अशी भारदस्त नावं आहेत. पण १९५१ मध्ये त्याने हरवलेला लुईस ३७ वर्षांचा होता आणि निवृत्ती सोडून परतलेला होता. वॉलकॉट आणि मूरही वयाने उतरणीला लागलेले होते. यात मार्सियानोचा दोष नाही. त्याच्या काळात जे होते त्या सगळ्यांशी तो लढला. १९५२ मध्ये वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं, गुणांवरही तो मागे होता आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने किताब मिळवला. त्याची जिद्द मला या एका लढतीत जितकी दिसते तितकी ४९ या आकड्यात दिसत नाही.

मेवेदरची ५०वी लढत कॉनर मॅकग्रेगरशी होती आणि मॅकग्रेगरची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत. तो विजय मी हिशेबातच धरत नाही. पॅकियाओशी लढतीची बोलणी २००९ च्या अखेरीपासून चालली, लढत झाली २०१५ मध्ये. मधल्या काळात, २०१२ मध्ये, मार्केझने पॅकियाओला नॉकआउट केलं होतं, म्हणजे मेवेदरसमोर आला तो ऐन भरातला पॅकियाओ नव्हता. कास्टियोविरुद्धची २००२ मधली पहिली लढत तर मेवेदर हरला होता असं मानणारे आजही पुष्कळ आहेत. पंचांनी काही फेऱ्या उलट दिल्या असत्या तर शून्य तेव्हाच गेलं असतं, आणि मेवेदरचं कौशल्य मात्र तसूभरही कमी झालं नसतं!

आता अलीचे पाच पराभव. साडेतीन वर्षं त्याला लढू दिलं गेलं नाही. परतल्यावर काही महिन्यांतच, १९७१ मध्ये, तो अपराजित फ्रेझरशी पंधरा फेऱ्या लढला आणि हरला. पुढे फ्रेझरला त्याने दोनदा हरवलं. नॉर्टन आणि लिऑन स्पिंक्स यांच्याकडून झालेल्या पराभवांचीही त्याने परतफेड केली. उरले होम्स आणि बर्बिक. तेव्हा तो चाळिशीकडे झुकलेला होता आणि त्याला रिंगणात उतरू द्यायलाच नको होतं. दुसऱ्या पारड्यात १९७४ ची किन्शासातली लढत. समोर ४०-० असलेला फोरमन, ज्याने फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन फेऱ्यांत संपवलं होतं. अशा माणसाला ऐन भरात असताना अलीने आठव्या फेरीत आडवं केलं. असा एक विजय माझ्या लेखी सोप्या वीस विजयांहून जड आहे.

पराभवानंतर माणूस काय करतो हेही अपराजित योद्ध्याबाबत कधी कळत नाही. शुगर रे रॉबिन्सन १९४३ मध्ये आपल्याहून वजनदार लामोटाकडून पहिल्यांदा हरला. तीन आठवड्यांत तो पुन्हा त्याच लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला, आणि १९५१ पर्यंत कुणाकडूनही हरला नाही. आज शून्य जपायचं म्हणून अवघड प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं टाळले जातात, त्याने या खेळाचं फार नुकसान झालंय.

या तिघांत माझा क्रम अली, मेवेदर, मार्सियानो असा. मेवेदर दुसरा, कारण त्याने पाच वजनगटांत किताब जिंकले. मॅकग्रेगर विसरा आणि त्याची २००१ मधली दिएगो कोरालेसविरुद्धची लढत शोधून बघा. कोरालेस तेव्हा अपराजित होता, उंच होता, जबरदस्त ठोसे मारणारा होता. २३ वर्षांच्या मेवेदरने त्याला पाच वेळा खाली पाडलं आणि दहाव्या फेरीत कोरालेसच्याच कोपऱ्यातून, म्हणजे त्याच्याच माणसांकडून, लढत थांबवली गेली.