वाचकांचे प्रश्न : पियानोच्या मागे व्हायोलिनं

प्रश्न : ताई, मी सांगलीला शाळेत गणित शिकवतो. गेल्या दिवाळीत यामाहाचा पी-४५ डिजिटल पियानो घेतला. यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून रीपर या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग करतो. पांढरी दोनच्या मायनरमध्ये एक संथ चाल बांधली आहे. डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी हे चार कॉर्ड फिरत राहतात. मागे व्हायोलिनं हवीत म्हणून पियानोचा मिडी ट्रॅक (आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद) कॉपी केला आणि त्याला एका मोफत लायब्ररीतला, म्हणजे वाद्यांच्या तयार आवाजांच्या संचातला, स्ट्रिंग्जचा (गजाच्या वाद्यांचा) आवाज लावला. सगळं गढूळ झालं. शिवाय व्हायोलिनं ऑर्गनसारखी सपाट वाटतात. महागडी लायब्ररी घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ता तरी. तुमची अडचण लायब्ररीत नाही, ट्रॅक कॉपी करण्यात आहे.

पियानोची हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून सूर ओसरायला लागतो. पुढे तो वाढवणं वाजवणाऱ्याच्या हातात नसतं. गजाच्या वाद्याला ते जमतं. सूर हळूच लावायचा, मग भरायचा, हवा तेव्हा सोडायचा. मी आयुष्यभर व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवत आले. ऑर्केस्ट्रात मधे बसलं की कोण कधी बोलतं आणि कोण कधी थांबतं, ते फार नीट ऐकू येतं. पियानोचा सूर जिथे विरतो तिथून पुढे स्ट्रिंग्जचं काम सुरू होतं. पियानो बोलत असताना त्यांनी तेच शब्द परत म्हणायचे नसतात.

आपल्याकडे याचे उत्तम धडे जुन्या हिंदी गाण्यांत आहेत. संगीतकार शंकर-जयकिशन यांचे अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे) सेबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचे. गायकाच्या चालीमागून वाहणाऱ्या त्यांच्या व्हायोलिनच्या ओळी स्वतंत्र गुणगुणता येतात, आणि तरी गाण्याच्या आड येत नाहीत. त्या काळातलं कुठलंही संथ गाणं लावा आणि एकदा फक्त व्हायोलिनं ऐका. गायक श्वास घेतो तिथे ती काय करतात, यावर लक्ष ठेवा.

आता तुमचा ट्रॅक. गढूळपणाचं पहिलं कारण पेडल. पियानोचं सस्टेन पेडल मिडीत ६४ क्रमांकाचा कंट्रोलर म्हणून नोंदलं जातं आणि ट्रॅक कॉपी केला की तेही सोबत येतं. पियानोत पेडलने धरलेला सूर आपोआप विरतो. स्ट्रिंग्जच्या पॅचमध्ये (लायब्ररीतल्या एका तयार आवाजात) तो पेडल सुटेपर्यंत पूर्ण ताकदीने वाजत राहतो. मग डी मायनर आणि बी फ्लॅट एकमेकांवर चढतात. रीपरच्या मिडी एडिटरमध्ये खाली ६४ ची पट्टी उघडा, सगळ्या नोंदी निवडा आणि पुसून टाका. एवढ्यानेच बराच फरक पडेल.

दुसरं कारण गर्दी. व्हायोलिन विभागाच्या पॅचमध्ये अनेक वादकांचा एकत्र आवाज असतो. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिनं सोळाच्या आसपास असतात. अशा पॅचवर चार सुरांचा कॉर्ड दाबलात तर कानाला ६४ व्हायोलिनं ऐकू येणार. म्हणून कॉपी केलेला ट्रॅक काढून टाका आणि प्रत्येक विभागाला एका वेळी एकच सूर द्या. स्पिटफायर कंपनीच्या ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ या लायब्ररीची ‘डिस्कव्हर’ आवृत्ती यासाठी चांगली. तिच्यात पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस हे विभाग वेगवेगळे मिळतात. ती लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड केलेली आहे.

तुमच्या चार कॉर्डसाठी मी अशा ओळी लिहीन. पहिली व्हायोलिन : डी, डी, सी, सी. दुसरी व्हायोलिन : एफ, एफ, एफ, ई. व्हायोला : ए, बी फ्लॅट, ए, जी. चेलो खाली मूळ सूर धरेल : डी, बी फ्लॅट, एफ, सी. व्हायोलाची ओळ एकटी गाऊन बघा. एक पाऊल वर, एक खाली, आणखी एक खाली. कुठेही उडी नाही. तुमच्या डाव्या हाताला कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलावी लागतात, इथे मात्र चेलो सोडला तर प्रत्येक वादक एक तर जागेवर थांबतो नाहीतर शेजारच्या सुरावर सरकतो. स्ट्रिंग्ज स्ट्रिंग्जसारख्या वाटतात त्या मुख्यतः यामुळे, आणि नवशिक्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या व्हायोलिनचा डी मधल्या सी च्या वरच्या सप्तकातला घ्या, व्हायोलाचा ए मधल्या सी च्या लगेच खालचा. चेलो आणि व्हायोला यांच्यात मोकळी जागा राहू द्या. खालच्या सप्तकात सूर दाटीवाटीने बसवले की घरघर होते, आणि तिथे तुमचा डावा हात आधीच आहे. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्झचा जी. त्याखाली ते वाद्यच नाही, हेही लक्षात असू द्या. काही पॅच त्याखालचेही सूर वाजवून दाखवतात.

तिसरी गोष्ट तो सपाटपणा. पियानोत पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा. स्ट्रिंग्जच्या लांब सुरांत बहुतेक लायब्ऱ्या त्या जोराकडे बघतच नाहीत. तिथे जोर ठरतो मॉड व्हीलने, म्हणजे मिडीच्या १ क्रमांकाच्या कंट्रोलरने. ११ क्रमांकाचं एक्सप्रेशन त्याच्या जोडीला असतं. तुमच्या पियानोवर मॉड व्हील नाही, त्यामुळे हा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी बसला असणार. मिडी एडिटरमध्ये पेन्सिलने रेघ काढा. मिडीचे आकडे ० ते १२७ असतात. तुमच्या संथ चालीत ४० च्या आसपास सुरू करून तिसऱ्या कॉर्डपर्यंत ७५ ला न्या आणि चौथ्यावर उतरवा. पुढच्या फेरीत तीच रेघ चिकटवू नका, नवी काढा. पुढेमागे कोर्गच्या नॅनोकंट्रोलसारखं सरकत्या पट्ट्यांचं छोटं यंत्र घेतलंत तर पियानो ऐकत ऐकत बोटाने आवाज चढवता-उतरवता येईल. मी पैसे खर्च करायला सांगितलेच, तर ते लायब्ररीच्या आधी यावर.

राहिल्या बारीक गोष्टी. संथ सुरांचा पॅच फुलायला वेळ घेतो, म्हणून स्ट्रिंग्ज उशिरा आल्यासारख्या वाटतात. त्या नोट्स थोड्या अलीकडे ओढा. १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि पुढे कानावर सोपवा. पियानो आणि स्ट्रिंग्ज दोन्ही एकाच रिव्हर्बकडे (आवाजाला दालनातला घुमारा देणाऱ्या इफेक्टकडे) पाठवा. पण मोठ्या दालनात रेकॉर्ड केलेल्या आवाजात ते दालन आधीच असतं, तेव्हा रिव्हर्ब पियानोला जास्त, स्ट्रिंग्जना कमी. २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान स्ट्रिंग्ज दोन-तीन डेसिबल उतरवल्यात तर पियानोचा डावा हात मोकळा होईल.

आणि पहिल्या फेरीत स्ट्रिंग्ज आणूच नका. पियानोला एकट्याने चाल सांगू द्या. दुसऱ्या फेरीत फक्त व्हायोला आणि चेलो.

प्रश्न : आमच्या मडगावच्या घरी आजीचा अपराइट पियानो आहे. फोनवर रेकॉर्ड करून त्यावर संगणकातलं व्हायोलिन लावलं तर दोन्ही बेसूर वाटतात. पियानो स्वतःशी सुरात आहे.
— एक वाचक, गोवा

उत्तर : स्वतःशी सुरात आहे ही मोठी गोष्ट, म्हणजे पियानो सगळा सारखाच उतरला आहे. फोनवरच्या ट्यूनर ॲपने मधल्या सी च्या वरचा ए मोजा. संगणकातलं व्हायोलिन ४४० हर्ट्झ धरून चालतं. तुमचा ए समजा ४३६ निघाला, तर पियानो सुमारे १६ सेंट खाली आहे (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट). व्हायोलिनच्या ट्रॅकवर ट्यूनिंग उणे १६ सेंट करा. पियानोच्या रेकॉर्डिंगची पट्टी बदलू नका. ताणलेला पियानो लगेच कृत्रिम वाटतो.

हे मोजमाप ज्या दिवशी रेकॉर्ड कराल त्याच दिवशी घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतात, कोरड्या दिवसांत उतरतात. गोव्यात जूनचा आकडा जानेवारीत चालणार नाही.

तुम्ही मेट्रोनोमशिवाय, म्हणजे लय धरून देणाऱ्या टिकटिकीशिवाय, वाजवलं असेल, तेही तसंच राहू द्या. संगणकातली क्लिक बंद करा, हेडफोनमध्ये पियानो ऐका आणि व्हायोलिनची एकेक ओळ त्याच्या मागोमाग हाताने वाजवा. रेकॉर्ड झाल्यावर नोट्स चौकटीत बसवणारं क्वांटाइझ वापरू नका, कारण तुमच्या पियानोची लय त्या चौकटीत नाही. आणि ट्यूनरला बोलावून पियानो लावून घेतलात, तर पुढच्या रेकॉर्डिंगआधी ते उणे १६ काढायला विसरू नका.