पऱ्हाटी आणि मल्चिंग पेपरचं डिझेल? जरा थांबा भाऊ

भाऊ, तुम्ही विचारलंय की पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, फुकट पडलेली असते, जुन्या मल्चिंग पेपरचा (नावाला पेपर, असतो वाफ्यावर अंथरायचा पॉलिथिनचा कागद) ढीग बांधावर आहे, दोन्ही एका भट्टीत घालून डिझेल काढायचा व्हिडिओ पाहिला, तर युनिट टाकू का. मी काही वर्षं लॅबमधल्या छोट्या रिॲक्टरवर हेच केलंय म्हणून लांबलचक लिहितोय.

तत्त्व खरंय. नुसती पऱ्हाटी हवा न देता ५०० अंशाला तापवली की जे काळं तेल येतं त्यात पाणीच २०-२५ टक्के, ऑक्सिजन भरपूर, पीएच २-३, म्हणजे लिंबासारखं आंबट. आमचा एक पत्र्याचा डबा दोन महिने कपाटात राहिला तर आत काकवीसारखं घट्ट झालेलं आणि तळाला गंजून ओघळ. पॉलिथिनचं उलटं, हायड्रोजन १४ टक्के आणि ऑक्सिजन शून्य, म्हणून एकाची कमी दुसरा भरून काढतो. पण लाकूड ४०० च्या आतच बरंचसं फुटतं, पॉलिथिन ४५० च्या आसपास जोर धरतं, हळूहळू तापवलं तर दोघांची गाठच पडत नाही! म्हणून झटकन तापवायचं आणि वाफा कॅटॅलिस्टच्या, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाच्या, थरातून न्यायच्या, बहुतेक जण झेडएसएम-५ नावाचा झिओलाइट (बारीक भोकांचं खनिज) वापरतात, त्याच्या अर्ध्या नॅनोमीटरच्या भोकांत लाकडातून निघणारी फ्युरान नावाची संयुगं आणि प्लास्टिकमधली इथिलीन-प्रोपिलीन जुळून टोल्युइन, झायलिन अशी द्रव्यं बनतात. म्हणजे निघतं ते पेट्रोलच्या जातीचं, डिझेल नव्हे. हे व्हिडिओवाला कशाला सांगेल.

आता खरी डोकेदुखी. कॅटॅलिस्टवर कोक, म्हणजे कार्बनची काजळी, बसतो, तो ५५० ला हवेत जाळून काढता येतो, पण पऱ्हाटीच्या राखेतलं पोटॅशियम जळत नाही, ते साचत जातं आणि कॅटॅलिस्ट मरतो. पीव्हीसीचा एक तुकडा चुकून गेला तरी त्रास, त्यात वजनाच्या ५७ टक्के क्लोरीन असतं, ३०० अंशाला ॲसिड होऊन पाइप खातं. पाण्याच्या बाटल्या तर घालूच नका, आम्ही एकदा घातल्या आणि कंडेन्सर (वाफा थंड करून तेल करणारा भाग) पिवळट पुडीने असा चोंदला की अख्खी दुपार सळईने खरवडत बसलो होतो. नशीब प्रेशर वेळेत दिसलं.

ठिबकच्या जुन्या नळ्या चांगलं पॉलिथिन आहे, पण त्या भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो, मग जाळायच्या कशाला? उरतो मल्चिंग पेपर, तो मातीने माखलेला. आणि ड्रमला वेल्डिंग मारून घरच्या घरी करायचा विचार असेल तर तो आजच सोडा, गरम वाफेत बाहेरची हवा शिरली की स्फोट होतो.

माझं मत विचाराल तर बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतातून काढायचीच असते, तिची कुट्टी करून ब्रिकेटवाल्याला (दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला) द्या. तरी खाज असेलच तर एक किलो मल्चिंग पेपर धुवा, नीट वाळवा, परत वजन करा आणि किती उरलं ते कळवा, मग पुढचं बोलू.